बेचाळीस फूट भिंत

बाई शिक्षिका झाल्या त्याला त्यांनी स्वतःच विकलेले फ्लॅट कारणीभूत होते. तीन वर्षं बाई एका बिल्डरच्या साइट ऑफिसात बसत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खिडकीतून बोट दाखवून सांगत होत्या, "ती बघा शाळा. चालत पाच मिनिटं." खिडकीबाहेर तेव्हा खडीचा ढीग, दोन डंपर आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. शाळा होती ती माहितीपत्रकातल्या चित्रात, तीही अर्धी झाडांमागे. लोकांनी चित्रावर भरवसा ठेवला आणि पोराबाळांसकट राहायला आले. पुढे शाळा खरोखरच उभी राहिली, पण चारशे मुलांची. आली सोळाशे. त्यातली निदान तीनशे बाईंच्या जिभेमुळे आली होती.

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं म्हणतात. बाईंनी तर आख्खी 'जी' विंग खपवली होती. तिथली प्रत्येक मजल्यावरची एक बेडरूम म्हणजे बिल्डरच्या डोक्याला ताप होता. नकाशात ती व्यवस्थित होती, पण नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की लिफ्टला जागा कमी पडतेय. मग लिफ्टने हातपाय पसरले आणि खोली आक्रसली. उरली पंधरा फूट लांब आणि सहा फूट रुंद. आत जाता यायचं, वळायचं म्हटलं की विचार करावा लागायचा.

बाईंनी त्यावर तोडगा काढला होता. गिऱ्हाईक खोलीत शिरून तोंड वाकडं करायच्या आत त्या पर्समधून टेप काढायच्या आणि त्याच्याच हातात द्यायच्या. "माझ्यावर नका विश्वास ठेवू. तुम्हीच मोजा." बाप टेपचं एक टोक धरायचा आणि बरोबर पोर असलं तर दुसरं टोक पोर धरायचं. पंधरा, सहा, पंधरा, सहा. चारी भिंती मिळून बेचाळीस फूट. मग बाई त्यांना शेजारच्या एच विंगमध्ये न्यायच्या. तिथली बेडरूम चांगली चौकोनी, अकरा बाय दहा. तिथल्या भिंती मोजल्या की पुन्हा बेचाळीस. "बघितलंत? सारखीच जागा आहे. आकार तेवढा वेगळा." स्वतःच्या हाताने मोजलेलं माणसाला खोटं कसं वाटेल? जी विंगच्या वीस खोल्या चार महिन्यांत गेल्या, आणि बिल्डरने बाईंना एक भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. ते पहिल्याच आठवड्यात बंद पडलं.

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. जी विंगची लिफ्ट त्यांच्याकडेच होती. "त्या खोलीचा घास आमच्या लिफ्टने घेतलाय," एकदा जेवताना ते म्हणाले. "प्रत्येक मजल्यावर वीस चौरस फूट."

"तुम्ही लिफ्ट बघा," बाई म्हणाल्या. "खोल्या मी बघते."

पुढे फ्लॅट संपले. साइट ऑफिसाच्या जागी बिल्डरने व्यायामशाळा काढली आणि बाईंना नारळ दिला. बाईंकडे शिक्षकाची पदवी होती. लग्नाआधी घेतलेली, आणि तेव्हापासून कपाटात स्वेटरांच्या खाली निपचित पडलेली. शाळेच्या फाटकावर 'शिक्षक पाहिजेत' असं फडकं इतके महिने लटकत होतं की लोकांना ते शाळेचं नाव वाटायला लागलं होतं. बाई पदवी झटकून मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेटायला गेल्या. मुलाखतीत दोन प्रश्न झाले.

"पदवी खरी आहे?"

"खरी आहे."

"मग उद्यापासून येता?"

घरी सासूबाईंनी ही बातमी शांतपणे ऐकून घेतली. त्या मोजकंच बोलायच्या, पण वर्मी बोलायच्या. "तीन वर्षं लोकांना थापा मारल्यास," त्या म्हणाल्या. "आता त्यांच्या पोरांना शिकवणार का?"

नोकरी होती एक वर्षाच्या बोलीवर. वर्षात दोनदा निरीक्षक साहेब येऊन वर्गात मागे बसणार, तास बघणार आणि शेरा लिहिणार. एकदा चांगला शेरा मिळाला की कायम. दोन्ही वेळा वाईट मिळाला की घरी. बाईंना सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. ज्यांनी जी विंग विकली त्यांना एक तास विकणं काय अवघड?

वर्ग होता सहावीचा. म्हणजे पूर्वीची हस्तकलेची खोली, मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन केलेली. अलीकडे बाईंची सहावी, पलीकडे सातवी. दोघांच्या बाकावर तिघं बसायची. दर सोमवारी मोठ्या बाई दारात उभ्या राहायच्या, हाताला एकदोन नवी पोरं. "बाई, आणखी दोन. सांभाळून घ्या." बाई सांभाळून घ्यायच्या. हजेरीपटाची पानं संपली तेव्हा त्यांनी मागे वहीचा कागद चिकटवला.

तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी एक बारकी मुलगी आली. तिला शेवटच्या बाकावर, पार्टिशनला पाठ लावून जागा मिळाली. पोरांनी तिचं नाव 'नवी' ठेवलं. तिच्यानंतर आणखी चौदा नवी मुलं आली, पण नवी ती नवीच राहिली. प्रश्न विचारला की ती मान खाली घालायची, आणि ती मान वर करेपर्यंत उत्तर देऊन बाई पुढच्या पानावर गेलेल्या असायच्या.

पहिल्या निरीक्षणाच्या दिवशी बाईंनी पचनसंस्था अशी रंगवली की पोरं तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. जठराला तर त्यांनी जवळजवळ बाग आणि पार्किंगच जोडलं. चाळीस मिनिटांत श्वास घ्यायला त्या दोनदा थांबल्या. शेवटी "काही प्रश्न? नाही? छान," म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेले निरीक्षक साहेब, हडकुळे आणि चष्म्याला दोरी लावलेले, शेजारच्या पोराला म्हणाले, "काय शिकलास, सांग बघू."

पोराने प्रामाणिकपणे विचार केला. "बाई मस्त बोलतात," तो म्हणाला.

साहेबांनी हेच जरा शुद्ध करून लिहिलं. 'बाई उत्तम बोलतात. मुले काय शिकली ते समजले नाही. असमाधानकारक. तीन महिन्यांनी पुन्हा.'

बाई त्या संध्याकाळी मोरीत नळ सोडून रडल्या, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. रडताना त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ही नोकरी त्यांना मनापासून हवी होती, हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं. साइट ऑफिसात एकदा सही झाली की त्या माणसाचं तोंड पुन्हा बघावं लागत नसे. इथे साठ तोंडं रोज सकाळी परत यायची, आणि त्यांना त्याची सवय लागली होती. नुसती सवयही नव्हती, जीव लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्या दशांश अपूर्णांक शिकवत होत्या. "आता सांगा, हे चिन्ह कुठे येईल? इथे येईल, बरोबर?" एवढं म्हणायची खोटी, पार्टिशनवर पलीकडून ठक ठक ठक असा आवाज आला. बाई थांबल्या, मग पुढचा प्रश्न विचारून त्याचंही उत्तर देऊन मोकळ्या झाल्या. ठक ठक ठक. तासाभरात एकोणीस वेळा. भिंतीला कान असतात हे बाईंना माहीत होतं, पण या भिंतीला हातही होता.

हात खडूसरांचा होता. सातवीला शिकवणारे हे गृहस्थ निवृत्तीला वर्षभर बाकी असलेले, शर्टाच्या खिशात कायम खडू बाळगणारे. त्यांचं नाव खडूवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल शाळेत दोन तट होते. मधल्या सुट्टीत बाई तणतणत त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, आमच्या वर्गाचा तुम्हाला त्रास होतो का?"

"होतो," खडूसर चहात बघत म्हणाले.

"आवाजाचा?"

"उत्तरांचा. प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तरंही तुम्हीच देता. माझी सातवीतली पोरं तुमची उत्तरं वहीत उतरवायला लागलीत." त्यांनी कप खाली ठेवला. "प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे. ओठ हलवायचे नाहीत."

"दहा? अहो सर, दहा सेकंद गप्प बसलं तर गिऱ्हाईक जिना उतरून जातं."

"ही पोरं कुठे जाणार आहेत? दारापर्यंत जायला वाट तरी आहे का तुमच्या वर्गात?"

वाट नव्हती, हे खरंच होतं. बाईंनी मोजायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्या तीनपर्यंत पोचल्या आणि घाम फुटला. गप्प बसणं इतकं अंगमेहनतीचं काम असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात ते कोणी केलेलंच नव्हतं. जीभ टाळ्याला दाबून धरली तर हात उत्तर दाखवायला लागायचे, हात पाठीमागे बांधले तर भुवया. चुकलं की पलीकडून ठक ठक ठक. पोरांना या खेळाची भारी मजा वाटायला लागली. बाई घाईने उत्तर द्यायला गेल्या की साठ माना पार्टिशनकडे वळायच्या आणि ठोके पडले की वर्ग सुखावायचा. फक्त नवी दचकायची, कारण ठोके थेट तिच्या पाठीत बसायचे.

पाच, सहा, सात. महिनाभराने बाई आठपर्यंत गेल्या, आणि आठव्या आकड्याला मागच्या बाकावरून नवीने मान खाली ठेवूनच उत्तर दिलं. अर्धं बरोबर होतं. बाईंना इतका आनंद झाला की उरलेलं अर्धं त्या स्वतःच सांगून बसल्या. ठक ठक ठक.

दुसऱ्या निरीक्षणाच्या आदल्या आठवड्यात शाळेची नवी इमारत उघडली आणि सातवी तिकडे गेली. पार्टिशनपलीकडे रिकामे बाक आणि सुताराच्या गोण्या उरल्या. बाईंचा धीर खचला. निरोप घ्यायला आलेल्या खडूसरांना त्या म्हणाल्या, "आता मला ठोकणार कोण?"

"लहान आहात का?" खडूसर म्हणाले. मग जरा वरमून पुढे म्हणाले, "त्या दिवशी प्रश्न नीट निवडा. ज्याचं चुकीचं उत्तर अगदी खरं वाटतं, असा प्रश्न विचारा."

असा प्रश्न बाईंना शोधावा लागला नाही. चुकीचं उत्तर खरं वाटायला लावण्यात त्यांची हयात गेली होती, आणि पुस्तकात नेमकं क्षेत्रफळ आणि परिमिती आलं होतं. बाईंनी रात्री पर्स उपसून जुना टेप बाहेर काढला. त्या मनातल्या मनात स्वतःवर खूशही झाल्या. वीस गिऱ्हाइकं जिथे फसली तिथे साहेबांसमोर सहावीची पोरं अडखळतील, मग स्वतः मोजून उत्तर काढतील, असा त्यांचा बेत होता. त्या बेताला एक भोक होतं, ते त्यांना दिसलं नाही.

साहेब आले आणि शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. बाईंनी दोन पोरांना उठवून वर्गाच्या भिंती टेपने मोजायला लावल्या. चारी बाजूंची बेरीज फळ्यावर झाली. इथवर ठीक होतं. मग बाईंनी विचारलं, "आता ऐका. दोन खोल्या आहेत. दोन्हींच्या चारी भिंती मिळून लांबी सारखीच भरते. बेचाळीस फूट इथे, बेचाळीस फूट तिथे. मग आतली जागा सारखीच असेल का?"

त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. साठ चेहरे त्यांच्याकडे बघत होते. चार. कोणीतरी नाक ओढलं. पाच. साहेबांची खुर्ची करकरली. सहा. बाईंच्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला. नोकरी जायची तर अशी गप्प उभं राहून जाणार, असं त्यांच्या मनात आलं, तरी जीभ त्यांनी दाबून धरली. सात. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आठ.

"असेल ना!" साहेब म्हणाले. "भिंती सारख्या, म्हणजे जागा सारखीच असणार. सांगा की रे, घाबरता काय?"

ठक. ठक. ठक.

साठ माना पार्टिशनकडे वळल्या. पलीकडे कोणी नव्हतं. नवीने मागे न बघता, हात उलटा करून, बोटांच्या पेरांनी प्लायवूडवर ठोकलं होतं. साहेबांच्या कोपरापासून हातभर अंतरावर. आपण काय केलं हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंची पाचावर धारण बसली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"कोणी घाईने उत्तर दिलं की ठोकतात," पहिल्या बाकावरच्या पोराने माहिती पुरवली. "तुम्ही दहा मोजले नाहीत."

साहेब बाईंकडे बघायला लागले. बाईंकडे या प्रसंगासाठी निदान सात गोड वाक्यं तयार होती. त्यातलं एकही त्या बोलल्या नाहीत. त्या नवीकडे बघत होत्या, कारण नवीने मान वर केली होती.

"जागा सारखी नसते," नवी म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आमची खोली लांब आहे. पलंग टाकला की दार उघडत नाही. शेजारच्यांची चौकोनी आहे, त्यांच्याकडे पलंग आहे आणि टेबलपण आहे. आणि दोन्हीकडे बेचाळीसच भरतं."

"कोणी मोजलं?" साहेबांनी विचारलं.

"बाबांनी आणि मी. फ्लॅट घेताना. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं." तिने बाईंच्या टेबलावरच्या टेपकडे बोट दाखवलं. "हाच टेप होता. बाईंनीच दिला होता. बाई म्हणाल्या, सारखीच जागा आहे."

बाईंना तो बाप आठवेना. वीस बापांतला कुठलाही असेल. पोर तर मुळीच आठवेना. टेपच्या दुसऱ्या टोकाकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. लाज अशी दाटून आली की फळ्यात तोंड लपवावंसं वाटलं.

"फळ्यावर ये," त्या म्हणाल्या. "दोन्ही खोल्यांची जागा काढ."

नवीला बाकांमधून वाट काढत यायलाच मिनिट लागलं. तिने पंधरा गुणिले सहा मांडलं. नव्वद. अकरा गुणिले दहा मांडलं. एकशे दहा. दोन्हींची वजाबाकी करून खाली वीस लिहिलं. मग बाईंकडे वळून तिने विचारलं, "मग आमचे वीस फूट कुठे गेले?"

सगळे बाईंकडे बघत थांबले होते, आणि बाईंना उत्तर पाठ होतं. त्यांचे यजमान रोज त्याच वीस फुटांत उभे राहून तेलपाणी करत होते. एक, दोन, तीन. कितीतरी आकडे गेले. या खेपेला कोणी घाई केली नाही आणि भिंतीवर कोणी ठोकलं नाही.

"लिफ्टला जागा कमी पडली होती," बाई म्हणाल्या. "ती तुमच्या खोलीतून घेतली. मला ते माहीत होतं. तुझ्या बाबांना मी खोटं सांगितलं."

"हं," नवी म्हणाली, आणि खडू खाली ठेवून जागेवर गेली. खडू ठेवण्याआधी तिने फळ्यावर वीसच्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

उरलेल्या वेळात पोरांनी फळा, बाक, दार आणि एकमेकांच्या डब्या-दप्तरांची क्षेत्रफळं काढली. गोंधळ एवढा माजला की बाईंना बोलायला जागाच मिळाली नाही. घरी जाऊन प्रत्येकाने आपापली झोपायची खोली मोजून आणायची, असा अभ्यास त्यांनी दिला. देताना त्याचा परिणाम काय होईल याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या. साहेबांनी पोरांना काही विचारलं नाही. ते खाली मान घालून लिहीत होते. एकदा त्यांनी वहीच्या कोपऱ्यात हळूच एक लांबट आणि एक चौकोनी खोली काढून बघितली, असं शेजारच्या पोराने नंतर सांगितलं.

यजमानांनी घरी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मी म्हणालो नव्हतो का?" सासूबाई म्हणाल्या, "नोकरी गेली तर गेली. एक खरं तरी बोललीस." सासूबाईंच्या तोंडून कौतुक हे एवढंच निघत असे, त्यामुळे बाई पुन्हा मोरीत गेल्या.

शेरा शुक्रवारी आला. मोठ्या बाईंनी तो दारात उभं राहूनच वाचून दाखवला. 'बाई कमी बोलतात. मुलांना चूक ओळखता येते, ती कोणाचीही असो. कायम करण्यास हरकत नाही.' कागदाची घडी घालून मोठ्या बाई म्हणाल्या, "अभिनंदन. आणि सोमवारी आणखी तीन येतायत."

सोमवारी सकाळी तीन नवी पोरं आली, आणि त्यांच्यामागे जी विंगमधले अकरा पालक. पोरांनी अभ्यास मन लावून केला होता. प्रत्येकाच्या हातात एक वही, वहीत दोन आकडे, आणि आकड्यांखाली दोन रेघा. सगळ्यांत पुढे नवीचा बाप होता. नवी त्याच्या शर्टाला धरून उभी होती. बाईंना तो आता आठवला. त्याच चेहऱ्याने त्याने बेचाळीस म्हणून मान डोलावली होती.

"बाई," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सुचेना.

बाईंच्या जिभेवर शब्द येऊन उभे राहिले, नेहमीसारखे, इस्त्री केलेले. त्यांनी तोंड मिटलं, हात पाठीमागे घेतले, आणि तो बोलेपर्यंत मनात आकडे मोजायला लागल्या.